खेळातली एकादशी

मालवणच्या बाजारात माझा कॉम्प्युटर क्लास होता तेव्हा लोकांची पक्की समजूत होती, की ज्याला वायर आहे ते सगळं मला दुरुस्त करता येतं. मी शिकवायचो मराठी टायपिंग आणि बेरजांचे तक्ते. टेबलावर येऊन पडायचे मिक्सर आणि टीव्हीचे रिमोट. एकदा एका मावशीने इस्त्री आणून ठेवली. मी तडकलो, "मी वायरमन नाय गो मावशी," म्हणून सांगितलं, आणि थोड्या वेळाने मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो, कारण मावशीने तोवर ताज्या बांगड्यांची पिशवी टेबलाखाली सरकवली होती.

त्यामुळे दोन हजार आठच्या सुमारास, पाऊस जरा उणावल्यावर, एक बाई क्लासमध्ये आली आणि पदराखालून एक चपटी डबी काढून माझ्यासमोर ठेवू लागली, तेव्हा मी नाही म्हणायच्या तयारीतच होतो. मग चेहरा बघितला आणि खुर्ची पुढे केली.

ती माझ्या शाळासोबत्याची बायको. मी तिला वयनी म्हणायचो आणि ती मला भावजी. मित्र बोटीवर होता, म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या कामाला. ज्येष्ठात कंपनीचा फोन आला होता. रात्री सगळ्यांबरोबर जेवला, सकाळी कामावर आला नाही, जहाज वरपासून खालपर्यंत धुंडाळलं, मिळाला नाही, पाण्यात पडला असावा. त्या रात्रीची तारीख कंपनीने कळवली. भटजींनी पंचांग बघून सांगितलं, वद्य षष्ठी.

अंग मिळालं नाही की पुढचं सगळं अडतं. अशा वेळी पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, आणि मग सुतक, दिवस, वर्षश्राद्ध, सगळं त्या तिथीला धरून चालतं. वयनीचे सासरे पुतळा करायला तयार होते. वयनी नव्हती. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं. वाडीतल्या बायका तिच्याशी बोलताना कुठे बघावं ते न सुचून तिच्या पायांकडे बघायच्या. त्या दिवशी मीही तेच केलं.

"ह्या त्येंचा खेळूचा आसा," ती म्हणाली. "बोटीवरसून त्येंची ट्रंक इली, तेच्यात होता."

डबी म्हणजे पुस्तकासारखं उघडझाप होणारं गेमचं यंत्र होतं, वर एक पडदा, खाली एक. परदेशातल्या कुठल्यातरी बंदरात त्याने घेतलं होतं. मी असलं यंत्र फक्त जाहिरातीत बघितलेलं. तिने ते घरी चार्ज केलं होतं, आतला गेम सुरू केला होता, आणि पहिल्याच पडद्यावर एक ओळ आली होती: शेवटचा खेळ अमुक तारखेला, अमुक वाजता थांबवला. ती तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघितली होती.

"कंपनी म्हणता षष्ठी. हेच्यात एकादस येता. एकादशीक ते खेळत होते भावजी. म्हणजे होते."

"फुडे काय दाबल्यात?"

"काय नाय. तारीख बघलंय आणि भियान बंद केलंय."

मी तिला चहा मागवला, तो तिने घेतला नाही, मग तो मीच प्यायलो. कंपनी म्हणते माणूस गेला, आणि त्याचं यंत्र म्हणतं त्यानंतर पाच दिवसांनी तो आरामात गेम खेळत होता. दोघांतलं खोटं कोण बोलतंय? आणि यंत्र कशाला खोटं बोलेल? मी म्हणालो, "बघूया." हा शब्द मी दिवसातून पन्नासदा वापरतो, रिमोटसाठीसुद्धा. ती मात्र तो शब्द घेऊन घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी वाडीत बोलणं होतं, की मी छडा लावणार आहे.

मला खरं सांगायचं तर भीती वाटली. यंत्र चालू करायलाही हात धजेना. सावंतवाडीला कॉलेजात माझ्याबरोबर असलेला एक मित्र पुण्यात हेच काम करायचा. जप्त केलेले मोबाइल आणि कॉम्प्युटर त्याच्याकडे यायचे, त्यात काय आहे, कधी घातलं, कधी पुसलं, हे तो शोधून सांगायचा. हल्ली गेमची यंत्रंही येतात, असं तो मागे एकदा बोलला होता आणि मी हसलो होतो. मी त्याला फोन लावला.

"चालू करू नकोस," हे त्याचं पहिलं वाक्य.

"चालू न करता बघू कसा?"

"तेच तर काम आहे. गेम पुढे सुरू केलास की तो आजची तारीख लिहून टाकणार, आणि जुनी गेली. तिने पुढचं बटण दाबलं नाही हे नशीब समज. आत नखाएवढं कार्ड असेल. ते काढायचं, त्याची नक्कल करायची आणि नकलेतच काय ते बघायचं. मूळ वस्तूला हात लावायचा नाही. आणि कार्ड काढण्याआधी यंत्र फक्त मुख्य पडद्यापर्यंत चालू कर. तिथे त्याचं घड्याळ असतं. शेजारी तुझं घड्याळ धर आणि दोन्ही लिहून ठेव. गेममध्ये शिरू नकोस."

पुण्यात राहून तो अगदी शुद्ध बोलायला लागला होता. त्याचाही मला राग आला. इकडे एका बाईचं कुंकू टांगणीला लागलंय आणि हा मला घड्याळं लिहायला सांगतोय. पण सांगितलं तसं केलं. यंत्राचं घड्याळ माझ्या घड्याळाहून काही तास पुढे होतं, कुठल्यातरी पूर्वेकडच्या बंदराच्या वेळेवर लावलेलं. तारीख आजचीच होती. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. उलट मी म्हटलं, बघा, यंत्राचं घड्याळ बरोबर चालतंय, म्हणजे एकादशीही बरोबर.

त्या विचाराने मीच वाहवत गेलो. मित्राने कार्ड वाचायचं उपकरण एसटीच्या पार्सलने पाठवतो म्हणून सांगितलं, आणि ते येईपर्यंत माझ्या डोक्यात नाही नाही ते सुरू झालं. कुणा दुसऱ्या बोटीने त्याला उचललं असेल. पण मग यंत्र ट्रंकेत कसं? त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या खलाशाने खेळला असेल. पण मेलेल्या माणसाचा खेळ कोण कशाला खेळेल? कंपनीने तारीख चुकीची कळवली असेल. तो बोटीवरच कुठे आजारी पडला असेल आणि ते लपवताहेत. मुलांना बेरजा शिकवता शिकवता मी मध्येच थांबायचो आणि मुलं एकमेकांकडे बघायची. वयनी बाजारात भेटली की नुसती बघायची, विचारायची नाही. आता ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी तिच्या पायांकडे.

मग एके सकाळी तिचे सासरे क्लासवर आले. उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर तांडेल म्हणून काढलेला माणूस. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. तो म्हणेल तिथे जाळं पडतं. म्हातारपणीही त्यांच्या बोलण्यात तीच जरब होती. मुलांना त्यांनी नुसत्या नजरेने बाहेर घालवलं.

"तू माका एक सांग. खेळण्याक काय समजता?"

"काका, तेच्यात तारीख येता—"

"तारीख माका सांगू नको. मी जलम दर्यार काढलंय. दर्यान नेलेलो माणूस मगे खेळत बसता?" ते खुर्चीत बसले नाहीत. "चवथ तोंडार इली. सुतक धरूचा काय गणपती हाडूचो, ता माका कळूक होया. देवाक कौल लावलंय, तर पाकळी जाग्यार चिकटान रवली, उजवी नाय आणि डावी नाय. देव बोलना नाय, भटजी म्हणता तिथी सांगा, आणि सून म्हणता खेळण्यात एकादस आसा. तिका समजाव. तुझा ती ऐकतली."

"जरा थांबा काका. पार्सल येतला."

"किती थांबू?" एवढंच म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली तर देवाचा होकार, डावीकडे पडली तर नकार; देवानेच असा कौल दिला नाही तिथे माझ्याकडून काय होणार होतं? तरी मी रोज डेपोत जाऊन पार्सलची चौकशी करत होतो.

उपकरण आलं. कार्ड त्यात बसवलं आणि नक्कल सुरू झाली, तेवढ्यात वीज गेली. त्या काळात भारनियमनाला काही ताळतंत्र नव्हतं. मी कपाळाला हात लावला. कार्डाचं काही बिघडलं असेल तर तिला तोंड कसं दाखवू? वीज येईपर्यंत कार्ड हातरुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि खिशावर हात ठेवून बसलो. वीज आली, पुन्हा सुरुवात केली, आणि नक्कल झाली.

नक्कल उघडली तर पडद्यावर नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं, ओळीवर ओळी. मित्र फोनवरून सांगायचा, अमक्या ओळीतले अमके आकडे वाच. मी वाचायचो. पुन्हा वाच. पुन्हा वाचायचो. भटजींना पंचांगातलं एवढं तरी कळत असेल, मला ह्यातलं काहीच कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, फाइलच मेलने पाठव. ती जाताना दोनदा इंटरनेट तुटलं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"दोन घड्याळं आहेत," तो म्हणाला. "एक यंत्राचं, ते तू बघितलंस, ते ठीक आहे. दुसरं गेमच्या आतलं. ह्या गेममध्ये एक गाव असतं. त्यात झाडं लावायची, मासे पकडायचे, आणि बाहेर दिवस गेला की आतही दिवस जातो. पण खेळणाऱ्याला आतली तारीख बदलता येते. तशी ती बदललीय. गेम यंत्राच्या पाच दिवस पुढे चालतोय. ते पाच दिवस वजा कर."

मी वजा केले. षष्ठी आली. बंदराची वेळ धरून बघितलं, आपली वेळ धरून बघितलं, तरी षष्ठीच. जेवणानंतर थोड्या वेळाने. म्हणजे सगळ्यांबरोबर जेवला, खोलीत आला, थोडा खेळला, गेम नीट थांबवला, आणि नंतर कधीतरी बाहेर गेला.

"कोणी बदलली असात?" मी विचारलं.

"पोरं करतात. झाडाला फळ यायला दिवस लागतात ना. ढकलायची तारीख पुढे." मग म्हणाला, "बाईला नीट सांग."

नीट म्हणजे कसं, हे काही त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड यंत्रात बसवून मी त्यांच्या घरी गेलो. काका खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. वयनी पडवीच्या पायरीवर येऊन बसली. मी सांगायला सुरुवात केली ती यंत्राच्या घड्याळापासून, मग गेमच्या घड्याळावर गेलो, मग बंदराची वेळ आली, आणि माझं मलाच कळेना मी काय बोलतोय. मुद्दा काय तो येईना, कारण मी तो येऊ देत नव्हतो. तीच मध्ये म्हणाली,

"गेमाची तारीख फुडे आसा?"

"होय."

"ती मी केलेलंय."

ती हातातल्या यंत्राकडे बघत बोलत होती. गेल्या सुटीत तो घरी आला होता तेव्हा दोघं हयच, ह्या पायरीवर बसून खेळायची. त्याने त्या गावात दर्याच्या कडेला एक माड लावला. माड वाढून नारळ धरायला पाच दिवस लागणार होते. आणि त्याची सुटी संपायला तेवढे दिवस उरले नव्हते.

"आमच्या परसात माड लावलो तर मी वर्षांची वर्षां थांबतलंय," ती म्हणाली. "माका थांबूक कळता. पण ते जातले होते. ते जावच्या आधी माका माडार नारळ बघूचो होतो. म्हणान मी तारीख फुडे ढकललंय. ते हसले. म्हणाले, आता माका बोटीर तुझ्या तारखेन खेळूक होया. माका वाटला मस्करी करतत, बोटीर गेल्यार तारीख मागे घेतले."

आणि तो तसाच खेळला होता. बोटीवर गेल्यावर त्याला तारीख मागे घेता आली असती, एका बटणाचं काम. त्याने घेतली नव्हती. जहाज कुठल्या कुठल्या बंदरांना लागलं, यंत्राचं घड्याळ त्याने त्या त्या वेळेवर लावलं असेल, पण आतलं घड्याळ तिने ठेवलं तसंच राहू दिलं. हे मी त्या क्षणी जुळवलं. तिने ते माझ्या आधी जुळवलं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"आता चालू केला तर चलात?" तिने विचारलं.

नक्कल माझ्याकडे होती. मी म्हणालो, चालू करा.

तिने गेम सुरू केला. गाव आलं. मला वाटलं होतं, तो सोडून गेला तसं असेल, पण तो गेम कुणासाठी थांबत नाही. तो बाहेरचे दिवस मोजत होता. ज्येष्ठापासूनचे सगळे दिवस त्याने मोजले होते आणि गावभर तण माजलं होतं. घराच्या दारात तण, विहिरीकडे तण, दर्याच्या वाटेवर गुडघाभर. माड तेवढा उभा होता. ती बघत राहिली. मग यंत्राची बारीक कांडी काढून तिने दारातलं एक झुडूप उपटलं, मग दुसरं.

"रान माजला," ती म्हणाली. "ते असते तर असा माजूक दिला नसता."

मी केलेल्या वजाबाकीचं तिला काही पडलं नव्हतं. बंदराची वेळ तर ती विसरूनही गेली असेल. ती तण बघत होती आणि तिथे तिला जे कळायचं ते कळलं. मला ते अजूनही धड समजलेलं नाही. ज्या यंत्रामुळे तिला तो जिवंत वाटत होता, त्याच यंत्रातल्या गवताने तिची खात्री पटवली. मी तिला मदत केली की तिच्या हातातलं होतं नव्हतं ते काढून घेतलं, हे त्या पायरीवर बसून मला ठरवता आलं नाही, आणि आजही येत नाही.

"बाबा," तिने खळ्याकडे न बघता हाक मारली. "भटजींक सांगा. षष्ठी."

जाळ्यातला हात थांबला. मला वाटलं काका म्हणतील, मी सांगत होतंय मां. ते उठले. पायरीपर्यंत आले. तिच्या हातातल्या पडद्यावर वाकून बघू लागले. ज्याला ते इतके दिवस खेळणं म्हणत होते, ते त्यांनी पहिल्यांदाच जवळून बघितलं असावं. त्यात त्यांना काय दिसणार होतं? छोटी छोटी झाडं, निळा दर्या, आणि गवत उपटणारं एक चित्रातलं माणूस. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग माझ्याकडे वळले, आणि त्या तांडेलाच्या आवाजातली जरब कुठे गेली ते कळलं नाही.

"परत एकदा बघशील मां रे?" ते म्हणाले. "तू काय तेच्यातलो मोठो शिकलेलो नाय. खंयतरी चुकला असात तुझा."

मी होय म्हणालो आणि यंत्र घ्यायला हात पुढे केला. वयनीने मान वर न करता ते आपल्याकडे ओढून घेतलं आणि दर्याच्या वाटेवरचं तण उपटत राहिली.